धागा: जुनी डिझेल गाडी भरवशाची राहिली नाही, बॅकअपला अडीच लाखात दुसरी कुठली घ्यावी?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय. माझ्याकडे २०११ ची सात सीटर डिझेल गाडी आहे, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मग धागा तिकडेच भरकटेल. गाव चिपळूण-गुहागर रोडवर, ऑफिस चिपळुणात, एकीकडून वीसेक किलोमीटर. गाडी चालते तेव्हा उत्तम चालते, अजून कुंभार्ली चढताना दम लागत नाही तिला, पण गेल्या पावसाळ्यापासून एक खोड धरलीय. सकाळी घरून एका सेल्फमध्ये स्टार्ट. चिपळुणात पोचून बंद केली, दहा मिनिटांनी परत चावी फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहतो आणि इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. बॅटरी नवी टाकली, डिझेल फिल्टर बदलला, सेल्फचं काम केलं. दोन मिस्त्री झाले, त्यांच्या दारात नेली की शहाण्या मुलासारखी वागते. टोचन करून आणायची वेळ पण येऊन गेली आणि ती भर बहादूरशेख नाक्यावर, सगळे ओळखीचे बघतायत.

घरात आईचे गुडघे गेलेत, तिला डॉक्टरकडे न्यावं लागतं, मुलीचा दहावीचा क्लास संध्याकाळी सुटतो. गाडी विकायची नाही, वडिलांनी हौसेने घेतलेली आणि गणपतीत मुंबईची मंडळी आली की सात सीट लागतातच. म्हणून दुसरी गाडी बॅकअपला. बजेट अडीच, अगदीच ओढून ताणून तीन लाख. डोक्यात तीन गोष्टी आहेत, जुनी ऑल्टो किंवा वॅगनार, नाहीतर नवी कोरी १२५ ची स्कूटर, नाहीतर मिस्त्री म्हणतो तशी ह्याच मॉडेलची अजून एक जुनी गाडी, म्हणजे एकीचे पार्ट दुसरीला घालता येतील. काय करावं?

रंकाळ्याचा_वारा
भावा तिसरा पर्याय आधी डोक्यातनं काढून टाक बघ. मिस्त्रीला दोन गिऱ्हाइकं मिळतील, तुला दोन आजारी गाड्या. एकाच मॉडेलच्या एकाच वयाच्या गाड्यांना दुखणी पण एकच असत्यात, एक बंद पडली त्याच आठवड्यात दुसरी पण बसली तर बॅकअप कसला डोंबलाचा. बॅकअप पायजे ते एकदम उलट्या जातीचं पायजे. ती डिझेल तर ही पेट्रोल, ती मोठी तर ही बारकी, तिला गावात एकच मिस्त्री येतो तर हिला तिठ्यावरच्या पोरानं पण खोललं पायजे. वॅगनार घे आणि गप झोप.

डिझेलबाबा
गाडी घ्यायची ती घ्या, पण त्याआधी एक सोपी गोष्ट बघा. पुढच्या वेळी गरम असताना स्टार्ट झाली नाही की सेल्फ मारताना मीटरमधल्या आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरताना काटा थोडा तरी उचलतो, दोनशे-तीनशेपर्यंत. अजिबात हलत नसेल, मेल्यासारखा शून्यावर पडून असेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्या. कॉमन रेल डिझेलला इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला ह्याच सेन्सरकडून कळतं. आतली कॉइल तापली की सिग्नल तुटतो, सिग्नल नाही म्हणून इंजेक्टरला फवारायचा हुकूमच जात नाही. गार झाली की जुळते आणि गाडी चालू. गॅरेजला पोचेपर्यंत गार होते म्हणून तिथे सापडत नाही. ओला फडका त्या सेन्सरवर ठेवून पाच-दहा मिनिटांत स्टार्ट होते का तेही बघा.

काटा हलतोय आणि तरी पकडत नाहीये तर मात्र इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून परत टाकीकडे जास्त जातं, रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) प्रेशर बनत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघायचं एवढीच टेस्ट. सेन्सर निघाला तर स्वस्तात सुटलात. इंजेक्टर निघाले तर चौघांचा खर्च ऐकून खाली बसाल.

खाडीकाठचा
बाबा हे कोणीच सांगितलं नव्हतं. काटा बघितलेला नाही, त्या वेळी आपण मागे हॉर्न मारणाऱ्यांकडे बघत असतो. बघतो आणि सांगतो.

सदाशिव_३०
सगळे गाडी घ्यायलाच सांगताहेत म्हणून उलट प्रश्न विचारतो. ही गाडी महिन्यातून कितीदा दगा देते? दोन-तीनदा असेल तर त्या दिवशी रिक्षा करा, वडाप आहे, एसटी आहे. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आईंना तसंही ज्येष्ठ म्हणून सवलत असणार, पंच्याहत्तरच्या वर असतील तर फुकट. तीन लाख बँकेत ठेवले तर त्याच्या व्याजात वर्षाच्या रिक्षा निघतील. दारात दोन गाड्या हा आता स्टेटसचा भाग झालाय, एवढंच माझं म्हणणं.

खाडीकाठचा
सदाशिवराव पुण्यात फोन केला की रिक्षा येते, आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर फाट्यावर माणूस पण नसतो. वडापवाला चौदा जण भरल्याशिवाय हलत नाही. आणि एसटीचं तिकीट अर्धं आहे हो पण पायरी पूर्णच आहे, आईला दोघांनी धरून वर चढवावं लागतं आणि कंडक्टर तोवर घंटी हातात धरून उभा. व्याजाचा मुद्दा मान्य.

सुमेधा_का
मला एक कळत नाहीये, ह्या सगळ्यात दुसरी गाडी चालवणार कोण हे कोणीच विचारलं नाही. वहिनी चालवतात का? तुम्ही ऑफिसला मोठी गाडी घेऊन गेलात आणि तिकडे अडकलात तर घरातली दुसरी गाडी घेऊन यायला कोणीतरी पाहिजे ना, नाहीतर ती अंगणात शोभेला उभी आणि तुम्ही नाक्यावर. आमच्याकडे हेच होतं, मोठी डिझेल गाडी, क्लच एवढा जड की मी हातच लावला नाही कधी, लायसन्स नुसतं पर्समध्ये. मग छोटी गाडी आली तेव्हा पंधरवड्यात मी बाजारात न्यायला लागले. त्यामुळे स्कूटर की कार हा प्रश्न वहिनींना विचारा, आम्हाला नको.

आणि आईंचे गुडघे म्हणताय तर ऑल्टो बघू पण नका. ऑल्टोत खाली बसावं लागतं आणि उठताना हात द्यावा लागतो. वॅगनारची सीट उंच आहे, आधी टेकायचं मग पाय आत घ्यायचे, माझ्या सासूबाई एकट्या बसतात.

खाडीकाठचा
ताई, विचारलं. बायको म्हणाली, "विचारलंत हेच खूप." स्कूटर तिला येते पण पावसात आईला मागे बसवून ती नेणार नाही आणि मी पण नेऊ देणार नाही. म्हणजे स्कूटर बाद. कार शिकायला तयार आहे पण ती मोठी नको म्हणाली.

विजेवरचा_माणूस
अजून कोणी इलेक्ट्रिक म्हटलं नाही म्हणून म्हणतो. रोजचे चाळीस किलोमीटर म्हणजे इलेक्ट्रिकसाठी अगदी मापाचं अंतर. रात्री घरी लावायची, सकाळी फुल. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्रँक सेन्सर तर नाहीच :)

रंकाळ्याचा_वारा
तीन लाखात इलेक्ट्रिक कार कुठं मिळती ते पण सांग की मग.

खाडीकाठचा
तेच. शिवाय आमच्याकडे जून-जुलैत झाड पडून तारा तुटल्या की दोन-दोन दिवस लाईट नसते, आणि गाडीची गरज नेमकी तेव्हाच. रोजच्या वापराला चांगली असेल, बॅकअपला धीर होत नाही.

हिशेबी_माणूस
दुसऱ्या गाडीचा खर्च म्हणजे नुसती किंमत नव्हे, ती उभी राहून पण खाते. थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दराने १००० सीसीच्या आतल्या कारला वर्षाला २०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३४१६, वर जीएसटी. वॅगनारचं एक लिटरचं इंजिन ९९८ सीसी आहे म्हणजे खालच्या स्लॅबमध्ये बसतं, हा फरक दर वर्षी आहे हे लक्षात घ्या. मालक-चालकाचा जो सक्तीचा अपघात विमा असतो तो एका पॉलिसीवर असेल तर दुसऱ्या गाडीवर परत घ्यायची गरज नाही, एजंट न विचारता लावतो, काढायला सांगा. पुढे पीयूसी, वर्षाची एक सर्व्हिस, दर तीन-चार वर्षांनी बॅटरी. टायर न फिरता पण म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर असतील तर नक्षी कितीही दिसू दे, सेट बदलायचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

म्हणून तीन लाख असतील तर गाडी अडीचच्या आतली बघा आणि चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवा. सगळे पैसे गाडीत घालून क्लच प्लेटसाठी मित्राकडे हात पसरणारे मी बघितलेत.

सीएनजीचा मोह होईल, पण टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी आलीच, डिकी जाते, पंपावर रांग असते. रोज पळवणार असाल तर परवडतं, महिन्यातून चारदा काढायच्या गाडीला साधं पेट्रोल बरं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, नव्याच उतरल्या तर जुनीवाल्याने जुनाच भाव धरून बसायचं कारण नाही. घासाघीस करा, लाजू नका.

तिठ्यावरचा_नाना
सगळ्यांचं वाचलं पण एक बाब सगळ्यांच्या नजरेतून निसटली. धागाकर्त्याची गाडी २०११ ची. खाजगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, पंधरा वर्षांची असते म्हणजे २०२६ मध्ये संपतेय. री-पासिंग करावं लागेल, गाडी नेऊन इन्स्पेक्टरला दाखवायची, पास झाली तर पाच वर्षं वाढवून मिळतात. २०२२ मध्ये कारची ही फी ६०० वरून एकदम ५००० केली, वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. बाहेरून जे डेंटिंग, लाईट, टायर करावे लागेल ते वेगळंच. म्हणजे ह्या वर्षी त्या गाडीवर खर्च आहेच, सेन्सर असो वा नसो.

त्यामुळे माझा सल्ला असा की तुम्ही बॅकअप उलटा लावताय. रोज चाळीस किलोमीटर ज्या गाडीने करायचे ती भरवशाची हवी, आणि जिचा भरवसा नाही ती गणपती, लग्न, मुंबईची मंडळी ह्यांच्यासाठी ठेवा. छोटी गाडी पहिली, मोठी दुसरी. खर्च तेवढाच, मनस्ताप कमी.

सुमेधा_का
नाना +१. आणि रोज फिरल्याने छोटी चालू राहील हे वेगळंच.

खाडीकाठचा
नाना हे खरंच असं डोक्यात आलं नव्हतं. आरसीची तारीख बघितली, या ऑगस्टची आहे, म्हणजे नेमकी गणपतीच्या तोंडावर.

दरम्यान ॲपवर एक वॅगनार दिसली, २०१७, एमएच-१२, फक्त ३१ हजार किलोमीटर चालली म्हणे, मागतायत दोन लाख पाच. फोटोत शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी दिसते. विकणारा खेडचा डीलर आहे. उद्या बघायला जातोय.

वाशिष्ठीकर
थांबा. एवढी चांगली आणि एवढी स्वस्त म्हणजे आधी नाक पुढे करा मग हात. मी खेर्डीचा, २२ जुलै २०२१ ला आमच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या, त्यामुळे पुराची गाडी कशी दिसते हे कोणी शिकवायची गरज राहिली नाही. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस केलेल्या गाड्या लिलावात घेऊन, धुवून पुसून लांबच्या जिल्ह्यात विकणारे असतात. पूर पुण्यात पण येतो, नुसतं एमएच-१२ बघून निर्धास्त होऊ नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तो भाग सगळे धुतात, पण रिळात गुंडाळलेली शेवटची वीतभर पट्टी कोणी धूत नाही, तिथे मातकट रेघ असते. मग पुढची सीट पूर्ण मागे सरकवून खाली मोबाईलचा टॉर्च मारा, रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनी काढा, खालच्या खड्ड्यात बारीक गाळ कोपऱ्यात बसलेला असतो, बोट फिरवलं की कळतं. स्टेअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडून दोन फ्यूज काढा, पिनांवर हिरवट पांढरं काही धरलंय का. एसी लावून पहिला झोत नाकावर घ्या. आत परफ्यूमचा भपका असेल तर काच खाली करून दहा मिनिटं उभी ठेवा, मग परत आत बसा.

आणि चालू पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे बघा. मालक म्हणतो कधी ओरखडा नाही आणि बोनस शून्य, तर क्लेम कशाचा झाला होता ते विचारा, चेहऱ्यावरून कळेल.

हिशेबी_माणूस
एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का हे बघून ठेवा. ई-चलान पण बघा, थकलेला दंड गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतो.

खाडीकाठचा
वाशिष्ठीकर, हात जोडतो तुम्हाला. मागच्या डाव्या सीटबेल्टची शेवटची पट्टी चॉकलेटी. पुढचे दोन बेल्ट नवे कोरे, हेच विचित्र वाटलं. डीलर म्हणाला लहान मुलं चॉकलेट खातात हो साहेब. स्टेपनी काढू का म्हटल्यावर त्याला एकदम फोन आला. ॲपवर तिसरा मालक दाखवतंय, जाहिरातीत पहिला होता. चहा पिऊन परत आलो.

रंकाळ्याचा_वारा
चॉकलेट खाणारी पोरं 😂😂 बेल्टच्या रिळात जाऊन खात्यात व्हय

अंगणवाला
उभ्या गाडीचा आणखी एक शत्रू कोणी लिहिला नाही, उंदीर. कोकणात पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरिंग खातात. माझ्या भावाच्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये भाताचं तूस, सुतळी, नारळाच्या शेंड्या असं अख्खं घरटं निघालं. दोनपैकी जी कुठली गाडी उभी राहणार असेल तिचं बॉनेट रात्री उघडं ठेवा, बंदिस्त आडोसा नसला की सहसा बसत नाहीत. तंबाखूची पानं पुरचुंडीत बांधून ठेवतात काही जण, डांबरगोळ्या पण ठेवतात, आमच्याकडचे उंदीर दोन्हीला सरावलेत. आठवड्यातून एकदा नुसती चालू करून बंद करू नका, त्याने बॅटरी उलट उतरते, वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा. महिनाभर काढणारच नसाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

खाडीकाठचा
बरेच दिवसांनी आलो, अपडेट देतो.

एक, काटा मेलेलाच होता. गरम असताना सेल्फ मारला, आरपीएम शून्य. ओला फडका ठेवला, चहा संपेपर्यंत चालू. क्रँक सेन्सर बदलला, कंपनीचाच घेतला, त्यानंतर एकदाही अडलेली नाही. मिस्त्री म्हणतो मला आधीच वाटलं होतं.

दोन, तरी गाडी घेतली. नानांचं म्हणणं पटलं. सावर्ड्याला एक रिटायर्ड गुरुजी आहेत, त्यांची २०१४ ची वॅगनार, पेट्रोल, पहिला मालक, ६८ हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीखवार. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला थोडा गंज आहे, उजव्या बंपरला त्यांच्याच फाटकाचा ओरखडा आहे आणि तो त्यांनी आधी स्वतः दाखवला. खालून लिफ्टवर घेऊन बघितली, चेसिस स्वच्छ. स्टेपनी कधी वापरलेलीच नाही, तिच्यावर २०१४ चा आकडा. दोन पस्तीस म्हणत होते, टायरचे कमी करून दोन पंधराला दिली. नंबर प्लेट नवीन हाय सिक्युरिटीवाली त्यांनी बसवलेली होती, ते एक काम वाचलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या, विमा नावावर करायला दिला, आरटीओचं काम चालू आहे. आई परवा तिच्यात बसून गुहागरला व्याडेश्वराला जाऊन आली, उतरताना हात नको म्हणाली. बायको रोज सकाळी शाळेच्या मैदानात शिकतेय, रिव्हर्स सोडून सगळं जमतं.

डिझेलबाबा
छान. जुना सेन्सर टाकू नका, गाडीतच ठेवा, गार असताना चालतो ना, अडीनडीला उपयोगी पडेल. आणि पासिंगच्या आधी रिटर्न टेस्ट करूनच घ्या, धूर तिथून पण येतो.

तिठ्यावरचा_नाना
पासिंगचा अर्ज तारीख उलटायच्या आत करा, उशीर झाला की महिन्याला दंड चढतो. ऑगस्टपर्यंत थांबू नका, गणपतीआधी सगळ्यांनाच आठवण होते.

सुमेधा_का
वहिनींना सांगा रिव्हर्सला आरसे बघायचे, मान वळवून नवऱ्याकडे बघायचं नाही.

नवखा_२२
माझी पण सेम प्रॉब्लेम आहे पण माझी पेट्रोल आहे आणि थंड असताना स्टार्ट होत नाही गरम असताना होते, बॅकअपला बाईक घ्यावी का? बजेट ४० हजार

रंकाळ्याचा_वारा
वेगळा धागा काढ भावा. आणि काट्याकडं बघून ये.